संचालन प्रणालीची श्रेणीवाढ व पूर्वपदावर परतणे

संगणकावरील संचालन प्रणालीची, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमची, जुनी आवृत्ती काढून तिच्या जागी नवी आवृत्ती बसविण्याच्या प्रक्रियेस श्रेणीवाढ किंवा रूढ भाषेत अपग्रेड असे म्हणतात. नव्या आवृत्तीवर काम अडल्यास संगणक आधीच्या आवृत्तीवर आणि आधीच्या स्थितीत नेणे याला पूर्वपदावर परतणे किंवा रोलबॅक म्हणतात. श्रेणीवाढ करण्याची सोय निर्मात्याने दिलेली असते. परतीची सोय मात्र बव्हंशी वापरकर्त्याला स्वतःच आणि आधीच करून ठेवावी लागते. या सोयीचे मुख्य साधन म्हणजे बॅकअप, म्हणजे विदेची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली राखीव प्रत.

मराठी व संस्कृत मजकुरावर काम करणाऱ्या संगणकांच्या बाबतीत या विषयाला एक अधिकचा पैलू आहे. जुन्या फॉन्टांत टंकलिखित केलेला मजकूर श्रेणीवाढीनंतर फाइल सुरक्षित असूनही वाचता येत नाही, असा प्रकार महाराष्ट्रातील कार्यालये, शाळा, छापखाने व प्रकाशनसंस्था यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

अपडेट, अपग्रेड आणि नवी स्थापना

या तीन संज्ञा बोलण्यात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, तरी त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. अपडेट म्हणजे त्याच आवृत्तीतील दोष दूर करणारी दुरुस्ती. अपग्रेड म्हणजे पुढच्या आवृत्तीवर जाणे. यात वापरकर्त्याच्या फाइली, बसविलेले प्रोग्राम आणि फॉन्ट जागेवर राहणे अपेक्षित असते. नवी स्थापना म्हणजे डिस्कचा संबंधित भाग पुसून प्रणाली आरंभापासून बसविणे. संगणक दुरुस्त करणारे याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. दुकानात दिलेला संगणक ‘अपग्रेड करून’ परत येतो तेव्हा त्याची प्रत्यक्षात नवी स्थापना झालेली असण्याचा संभव बराच असतो. कोणते काम होणार आहे हे आधी विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नव्या स्थापनेत साधारणतः सी ड्राइव्ह पुसला जातो व डी ड्राइव्ह तसाच ठेवला जातो. त्यामुळे डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप, असा समज रूढ झाला. बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी ड्राइव्हमध्येच असतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

श्रेणीवाढ टाळता का येत नाही

निर्माता जुन्या आवृत्तीसाठी सुरक्षा-दुरुस्त्या देणे ठराविक दिवशी थांबवतो. विंडोज एक्सपीसाठी ती तारीख ८ एप्रिल २०१४, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ ही होती. त्या दिवसानंतर संगणक बंद पडत नाही, पण त्यातील नवी छिद्रे बुजविली जात नाहीत. इंटरनेटला जोडलेल्या संगणकासाठी हा धोका कालांतराने वाढतच जातो.

यंत्रसामग्रीची अडचण याच्या उलट दिशेने येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक ठरविण्यात आली. त्यामुळे उत्तम चालणारे अनेक संगणक अधिकृत श्रेणीवाढीस अपात्र झाले. अशा संगणकांवर लिनक्सची एखादी आवृत्ती बसविणे हा एक पर्याय असतो. सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना आधार देणारी लिनक्स प्रणाली त्यांपैकीच एक होय.

न्हावा शेवा येथील प्रसंग, २०१७

श्रेणीवाढ, दुरुस्ती आणि बॅकअप या तिन्ही गोष्टींचा संबंध दाखविणारी महाराष्ट्रातील एक सुपरिचित घटना २७ जून २०१७ रोजी घडली. नॉटपेट्या नावाचा विघातक प्रोग्राम त्या दिवशी युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक समूहाचे संगणक त्यात निकामी झाले आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

हा प्रोग्राम विंडोजमधील ज्या छिद्रांतून फिरला त्यांपैकी एकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसिद्ध केली होती. दुसरीकडे, तो मुळात शिरला तो युक्रेनमधील एका लेखा-प्रोग्रामच्या अधिकृत अपडेटमधून. अद्ययावत न राहणे आणि अपडेटवर डोळे मिटून विश्वास ठेवणे, हे दोन्ही धोके एकाच घटनेत एकत्र आले होते.

बॅकअपच्या दृष्टीने या घटनेचा पुढचा भाग अधिक बोधक आहे. मर्स्ककडे विदेच्या राखीव प्रती होत्या. परंतु कोणत्या वापरकर्त्याला कशाची परवानगी आहे याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या सतत प्रती ठेवत असल्याने त्यांची वेगळी राखीव प्रत घेतलेली नव्हती. एक बुडाला तरी बाकीचे आहेत, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी बुडाले. त्यांपैकी फक्त घानामधील एक सर्व्हर वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. त्या सर्व्हरची डिस्क विमानाने इंग्लंडला नेण्यात आली व तिच्या आधाराने जाळे पुन्हा उभे राहिले. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणकांवर दहा दिवसांत नव्याने स्थापना करावी लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

सतत जुळत राहणारी प्रत आणि बॅकअप यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पहिल्या प्रकारात मूळ फाइलीत झालेली चूक, खोड किंवा नाश तात्काळ प्रतीतही उतरतो. इंटरनेटवरील साठवणीशी आपोआप जुळणारी फोल्डरे याच प्रकारात मोडतात. त्यांत जुन्या आवृत्त्या काही काळ राखण्याची सोय असेल तरच त्यांचा परतीसाठी उपयोग होतो.

मराठी मजकूर आणि जुने फॉन्ट

युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी संगणकावरील मराठी टंकलेखन मुख्यतः आठ-बिटी फॉन्टांवर चाले. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी, तसेच कृतिदेव, आकृती इत्यादी संच या काळात घरोघर व कार्यालयोकार्यालयी पोहोचले. यांतील बऱ्याच फॉन्टांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. कृतिदेवमध्ये ‘रामटेक’ हा शब्द लिहिलेली फाइल उघडली तर तिच्यात साठवलेली असतात ती जे, के, ई, कॅपिटल व्ही, एस आणि डी ही सहा रोमन अक्षरे. त्यांना र, काना, म, ट, मात्रा आणि क यांचे रूप देण्याचे काम सर्वस्वी फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की पडद्यावर उरते ती अर्थहीन रोमन अक्षरांची माळ.

अशा वेळी फाइल बिघडली आहे, असा निष्कर्ष काढून ती काढून टाकली जाते, आणि हेच खरे नुकसान असते. फाइलीतील एकही चिन्ह बदललेले नसते. तोच फॉन्ट पुन्हा बसविला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. अडचण एवढीच की, फॉन्ट हा दस्तऐवजांच्या फोल्डरात नसून विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. ‘सगळ्या फाइली’ पेनड्राइव्हवर घेतल्या तरी फॉन्ट मागेच राहतात.

विंडोज एक्सपीवरून विंडोज ७ वर जाताना हा प्रश्न विशेष जाणवला. या दोहोंत थेट श्रेणीवाढीची सोय नव्हती. नवी स्थापना करून प्रोग्राम व फॉन्ट पुन्हा बसविणे भाग होते. कित्येक ठिकाणी मूळ सीडी सापडत नव्हत्या. काही मराठी संचांना डाँगल, म्हणजे संगणकाला जोडावयाचे कुलूप, लागे. ते प्रिंटरच्या जुन्या समांतर जोडणीत बसणारे असेल, तर नव्या संगणकात ते लावायला जागाच नसे. १६-बिटी प्रोग्राम तर ६४-बिटी विंडोजवर चालतच नाहीत.

युनिकोड मजकुराला हा धोका नाही, कारण त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. तरीही पानाची मांडणी बदलू शकते. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट देवनागरीच्या पूरक फॉन्टसंचात गेला. नव्या स्थापनेत मराठी किंवा हिंदी भाषा जोडली नसेल तर तो आढळत नाही व त्याच्या जागी निर्मला यूआय हा फॉन्ट वापरला जातो. अक्षरांची रुंदी बदलल्याने ओळी सरकतात, पाने वाढतात आणि अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात. छपाईला जाणाऱ्या पुस्तकाच्या बाबतीत ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

जुना मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हा यावरचा कायमचा उपाय आहे. पण ते रूपांतर नेहमी प्रतीवर करावे व मूळ फाइल राखून ठेवावी. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकित केला जातो. युनिकोडमध्ये साठवणीचा क्रम नेमका उलटा आहे. रूपांतरक प्रोग्राम हे बदल करतो, पण जोडाक्षरांवरील वेलांटी, ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांतील रफाराचे वेगळे रूप आणि मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द येथे तो हमखास अडखळतो. मुद्रितशोधनाशिवाय असे रूपांतर स्वीकारणे धोक्याचे असते.

रामटेकचा संदर्भ

नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामटेक येथे १९९७ मध्ये कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. संस्कृतचे अध्ययन, संशोधन व ग्रंथप्रकाशन चालणाऱ्या अशा ठिकाणी संचालन प्रणालीच्या आवृत्तीचा प्रश्न केवळ सुरक्षेचा राहत नाही. वेदमंत्रांच्या स्वरचिन्हांसाठी युनिकोडमध्ये ‘वैदिक विस्तार’ हा स्वतंत्र विभाग २००९ मधील ५.२ या आवृत्तीत आला. त्याआधीच्या प्रणालींवर त्यांतील बरीच चिन्हे उमटत नाहीत किंवा चौकोन दिसतात. संस्कृत टेक्स्ट हा लांब जोडाक्षरांसाठी उपयुक्त फॉन्ट विंडोज १० बरोबर आला. नव्या आवृत्तीकडे जाण्याचे हे एक सबळ कारण आहे. आणि जुन्या फॉन्टांत तयार झालेले ग्रंथ, टिपणे व सूची हे जुनी प्रणाली घाईने न पुसण्याचे तितकेच सबळ कारण आहे. अशा ठिकाणी एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, मूळ फॉन्ट व टंकसंचासह चालू ठेवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

विदर्भातील हवामानाचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते आणि वळवाच्या पावसात विजेचा पुरवठा खंडित होतो. श्रेणीवाढ चालू असताना वीज गेल्यास प्रणाली अर्धवट अवस्थेत राहू शकते. लॅपटॉप असल्यास बॅटरी पूर्ण भरून चार्जर जोडलेला ठेवणे, मेजावरील संगणक असल्यास यूपीएसची बॅटरी खरोखर किती मिनिटे टिकते हे आधी पाहणे आणि शक्यतो सकाळच्या वेळी काम सुरू करणे, हे येथे तांत्रिक सूचनांइतकेच महत्त्वाचे आहे. बॅकअप घेऊन झाल्यावर बाह्य डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली डिस्क विजेच्या उसळीत संगणकाबरोबरच जाऊ शकते.

राखीव प्रतीचे प्रकार

फाइलींची प्रत आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा हे दोन मूलभूत प्रकार होत. पहिल्यात दस्तऐवज, छायाचित्रे, पत्ते इत्यादी नकलून घेतले जातात. ती कोणत्याही संगणकावर उघडता येतात, पण त्यांतून प्रणाली, प्रोग्राम, छपाईयंत्राची जुळणी परत मिळत नाही. दुसऱ्यात डिस्कचा जसाच्या तसा ठसा एका मोठ्या फाइलीत घेतला जातो. क्लोनझिला हे यासाठीचे मुक्त साधन प्रसिद्ध आहे. श्रेणीवाढीतून परतण्यासाठी खरा उपयोग या ठशाचा होतो, कारण तो लावल्यावर संगणक त्या दिवशी होता तसा, फॉन्टांसह उभा राहतो. सुज्ञपणा दोन्ही घेण्यात आहे. एफएटी३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, त्यामुळे अखंड ठशासाठी डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीची लागते.

किती प्रती ठेवाव्यात याविषयी ‘तीन-दोन-एक’ हा संकेत छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केला. विदेच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत अन्य ठिकाणी असावी. रामटेकच्या कार्यालयातील संगणकाची एक प्रत तेथील कपाटात आणि दुसरी नागपूरला, अशी ही व्यवस्था होऊ शकते. रामटेकच्या गडावरील केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेखाच्या ओळींचा काही भाग नष्ट झाला असून, त्याची दुसरी प्रत नसल्याने ती वाक्ये आज अभ्यासकांना तर्कानेच भरावी लागतात. माध्यम दगडाइतके टिकाऊ असले तरी एकमेव प्रतीची मर्यादा सुटत नाही.

न तपासलेल्या प्रतीला बॅकअप म्हणणे योग्य नाही. किमान काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. डिस्कच्या ठशाबाबत, ज्या पेनड्राइव्हवरून तो परत लावायचा त्यावरून संगणक सुरू होतो का, हे श्रेणीवाढीपूर्वीच पाहावे. बंद पडलेल्या संगणकावर असा पेनड्राइव्ह तयार करता येत नाही.

परतीचे मार्ग

विंडोजमध्ये श्रेणीवाढ झाल्यावर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात ठेवली जाते व सेटिंग्जमधून मागे जाता येते. विंडोज १० च्या आरंभी ही मुदत ३० दिवसांची होती. २०१६ च्या उन्हाळ्यातील आवृत्तीपासून ती १० दिवसांवर आली. विंडोज ११ मध्येही मूळ मुदत १० दिवसांचीच आहे. हे फोल्डर बरीच जागा व्यापते, म्हणून डिस्क साफ करण्याच्या साधनाने ते पुसले गेल्यास मुदतीपूर्वीच परतीची वाट बंद होते. परतताना श्रेणीवाढीनंतर बसविलेले प्रोग्राम निघून जातात. कार्यालयांसाठी दहा दिवस अपुरे असतात. पगारपत्रके, परीक्षेचे निकाल यांसारखी कामे महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच होतात आणि त्यांतील अडचण तेव्हाच उघडी पडते.

निर्मात्याच्या सोयीवरच विसंबू नये याचे उदाहरण ऑक्टोबर २०१८ मधील आहे. विंडोज १० ची त्या महिन्यातील आवृत्ती बसविल्यावर काही वापरकर्त्यांच्या फाइली नाहीशा झाल्या. ज्यांनी दस्तऐवजांचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हकडे वळविले होते, पण काही फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या, त्यांच्या त्या उरलेल्या फाइली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने वितरण काही दिवसांतच थांबविले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर रोजी आणली. अशा प्रसंगी मागे फिरूनही पुसलेली फाइल परत येईलच असे नसते. ती केवळ वेगळ्या बॅकअपमधूनच मिळते.

मॅकओएसमध्ये २००७ पासून टाइम मशीन ही सोय आहे. मॅकओएसची २०१९ मधील कॅटालिना ही आवृत्ती ३२-बिटी प्रोग्राम चालवत नाही, आणि अनेकांना जुन्या प्रोग्रामांसाठी मागे फिरावे लागले. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत पुढे जाण्याचा अधिकृत मार्ग असतो, मागे येण्याचा नसतो. तेथे टाइमशिफ्टसारख्या साधनाने प्रणालीचा क्षणचित्र-ठसा आधी घेऊन ठेवतात. टाइमशिफ्ट वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइली मूळ जुळणीत घेत नाही, त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

प्रणाली मागे आली तरी विदा मागे येईलच असे नाही. नवे प्रोग्राम जुन्या फाइली उघडताना कधीकधी त्यांची रचना बदलून टाकतात. फायरफॉक्सने २०१९ मधील ६७ व्या आवृत्तीपासून, नव्या आवृत्तीत वापरलेली वैयक्तिक नोंदवही जुन्या आवृत्तीत उघडू देण्यास प्रतिबंध केला तो याच कारणाने. लेखा व ग्रंथालयाच्या प्रोग्रामांतही असे घडते. म्हणून नव्या प्रणालीवर काम केलेले दिवस आणि त्या दिवसांतील नव्या फाइली यांची वेगळी नोंद ठेवली तर परतताना त्या हाताने जुळवून घेता येतात.

कूटबद्ध डिस्क

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. श्रेणीवाढ, परतणे किंवा सुरुवातीच्या जुळणीतील बदल यांनंतर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती-संकेत मागू शकतो. तो नसेल तर डिस्क सुस्थितीत असूनही विदा कायमची अप्राप्य होते. हा संकेत मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेला असू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी तो शोधून कागदावर उतरवून ठेवावा व तो कागद संगणकाच्या पिशवीत ठेवू नये. कार्यालयाच्या संगणकावर हे खाते बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नावाचे असणे हा वारंवार आढळणारा प्रकार आहे. कार्यभार सोपविताना किल्ल्या व दप्तराबरोबर हा संकेतही यादीत घेतला जाणे आवश्यक आहे.